बाय, मोटर बंद कर

माझा पेशाच असा आहे की गूढ आवाजाच्या मुळाशी शेवटी एखादी सुटलेली अर्थिंगची वायर सापडते. गेली बरीच वर्षं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. "बंद टीव्हीतून कुणीतरी कुजबुजतं", "रेडिओ आपोआप लागतो" असं सांगत लोक माझ्याकडे येतात, आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांची भुतं उतरवते. या सदरातले अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचता वाचता मनात सर्किट काढायची सवय काही जात नाही... इथं कपॅसिटर गळत असणार, तिथं शेजाऱ्याचा कॉर्डलेस फोन असणार.

पण एक सर्किट मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. आणि ते मी स्वतःच्या हातांनी बनवलेलं होतं.

परवा दादा फोनवर म्हणाला, "सुनंदा, लिहून टाक एकदाचं. ज्यांनी ऐकलं ती माणसं आता एकेक करून जायला लागलीत." म्हणून लिहितेय. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही.

ही गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई, दादा आणि मी बारामतीला लागून जळोचीत राहायचो. आई शिवणकाम करायची, दादा एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा आणि मी बारामतीत डिप्लोमाला होते. मूळ घर इंदापूर तालुक्यात, बावड्याला. गावापासून थोडी आत आमची वस्ती. तिथं वडिलांचे थोरले भाऊ — आमचे तात्या — आणि काकू राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघं त्यांचीच.

दहावीनंतर मला स्थळं यायला लागली तेव्हा भावकीतली माणसं आईच्या मागं लागली होती. तात्यांनी सगळ्यांना बावड्याला बोलावलं, ओट्यावर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगी शिकतीया. शिकू द्या तिला. लग्नाचं मी बघीन माझं." तात्या बोलले की विषय संपायचा. आवाजच तसा होता. आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. तात्या स्वतः पोरवयात मेंढरांमागं हिंडलेले. पुढं पाइपलाइन आली, मेंढरं गेली, ऊस आला. पण माळाच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला हाक पोचवायची ताकद त्यांच्या गळ्यात तशीच राहिली. खणखणीत, एकेक अक्षर सुटं. ते शेतातनं "काकडी आन गं" म्हणाले की शेजारच्या वस्तीवरच्यालासुद्धा काकडी खावीशी वाटायची, असं काकू म्हणायच्या.

त्या दिवाळीत दादाच्या डोक्यात पेडल शिरलं होतं. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधे जोडायची पेटी. त्यातनं गेलं की गिटारचा गोड आवाज फाटतो, गुरगुरतो, किंचाळतो. दादाला तो किंचाळणारा आवाज हवा होता. तयार पेडल तेव्हा मुंबईकडं मिळायचं म्हणे. आम्ही नुसतं चित्रात पाहिलेलं. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात मला त्याचं सर्किट सापडलं. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, थोडे कपॅसिटर. मी दादाला म्हटलं, "एवढंच आहे होय? करते की मी."

सुट्टीत सगळं सामान घेऊन आम्ही बावड्याला गेलो. आई भाऊबीजेला मामाकडं जाणार होती, ती मागाहून येणार होती.

मी ओट्यावरच पसारा मांडला. स्ट्रिपबोर्ड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी — तपकिरी रंगाचा भोकाभोकांचा बोर्ड असतो, आणि मागच्या बाजूला तांब्याच्या समांतर पट्ट्या. पार्ट वरून खोवायचे, मागून सोल्डरचा डाग द्यायचा. जिथं जोड नको असेल तिथं तांब्याची पट्टी ड्रिलच्या पात्यानं खरवडून तोडायची. तात्या शेजारी बसून पाहत होते. त्यांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला आणि त्यांना एकदम गंमत वाटली.

"ह्या तर सऱ्या हायत की गं!"

"हो तात्या. यातून करंट जातो."

"आन् हितं खरवडलंस ती?"

"तिथनं पुढं जाऊ द्यायचा नाही त्याला."

"म्हंजी बांध घातलास." ते खूश होऊन काकूंना हाक मारून म्हणाले, "आगं, बाय बी दारंच धरतीया बघ. पान्याचं न्हाय, लायटीचं!"

दारं धरणं म्हणजे उसाला पाणी देताना ते एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं. तात्यांचं निम्मं आयुष्य त्यात गेलेलं. मला ते 'बाय' म्हणायचे. माझं नाव त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल.

वस्तीवर लाईट कधी यायची, कधी जायची, काही भरवसा नसायचा. सोल्डरिंग आयर्न निम्म्यात गार पडायचं. मग काकू म्हणायच्या, "आन हिकडं," आणि मी ते चुलीच्या निखाऱ्यावर तापवून आणायची. सोल्डरच्या राळेचा वास आणि चकल्यांचा वास सगळ्या घरात एकत्र झाला होता. लाईटचा असा खेळ, म्हणून दादानं मित्राकडनं रिक्षावर जाहिरात करायचा ॲम्प्लिफायर आणला होता. बॅटरीवर चालणारा, आणि त्याला एक मोठा भोंगा. बॅटरी शेजारच्या वस्तीवरच्या शंकरआबांच्या ट्रॅक्टरची. ॲम्प्लिफायरचं सॉकेट तुटकं होतं, म्हणून मी पेडलच्या बाहेर निघणाऱ्या वायरी थेट आत डाग देऊन जोडून टाकल्या. म्हणजे भोंग्यातून काहीही ऐकायचं तर ते पेडलमधूनच जाणार. हे पुढं महत्त्वाचं आहे.

पहिल्यांदा जोडलं तर गिटारऐवजी भोंग्यातून आकाशवाणीचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकू आला! तात्या पोट धरून हसले. "रेडू तर हाय की आपल्याकडं! त्यापायी यवढा खटाटोप?" पण हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. अशी सर्किटं उघडी असली तर रेडिओ पकडतात. मी बोर्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, डब्याला अर्थिंग दिलं, झाकण लावलं, आणि रेडिओ गायब. दादानं तार छेडली तर भोंग्यातून असा काही फाटका, खरबरीत आवाज आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दादा मला उचलून नाचला.

हे सगळं आदल्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट होती. तात्या भाकरी खाऊन उसाला पाणी द्यायला गेले. उसाचं रान घरासमोरच होतं. उजव्या हाताला विहीर आणि मोटर, तर डाव्या हाताला पार टोकाला बांधावर जांभळाचं झाड. मधे सगळा उंच वाढलेला ऊस. डोक्याच्या वर कितीतरी. आत शिरलेलं माणूस हाताच्या अंतरावरनं दिसायचं नाही. थोड्या वेळानं लाईट गेली, मोटर थांबली. तात्या आता येतील म्हणून काकूंनी भाकऱ्या थापल्या.

तात्या आले नाहीत.

जेवायची वेळ टळली तेव्हा दादा विहिरीकडं गेला आणि धावत परत आला. विहिरीच्या काठावर तात्यांची पायताणं होती. तात्या नव्हते.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं जमली. कुणी बांधाबांधानं हाका मारत फिरून आलं. उसातून काही उत्तर नाही. मग सगळ्यांचं तोंड विहिरीकडं वळलं. विहीर खोल, पाणी भरपूर. दोघंतिघं पोहणारे उतरले, कुणी दोराला गळ बांधून सोडायला लागलं. बायका काकूंना धरून ओट्यावर घेऊन आल्या. एक बाई रडायला लागली तशी काकूंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "रडायचं असंल तर तुज्या घरी जा."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुनंदे, ते हिरीत न्हाईत."

"काकू..."

"चिखलात उतराया पायताणं काढल्यात त्यांनी. रोज काढत्यात. ते कुटंतरी पडल्यात. तुजा त्यो भोंगा लाव. हाक मार."

मला तो नुसता वेडा उपाय वाटला. माणसं एवढ्या हाका मारून आली होती. पण काकूंच्या डोळ्यात पाणी नव्हतं, आणि ते बघून मला नाही म्हणता येईना. ओट्यावर शंकरआबा बसलेले होते. वयामुळं विहिरीपर्यंत गेले नव्हते. तेही म्हणाले, "लाव पोरी. आवाज तरी लांब जाईल."

मी ॲम्प्लिफायरचा माईक घेतला. तो पेडलच्या डब्यात खोवण्यावाचून इलाज नव्हता. पेडल बंद करायचं बटणसुद्धा अजून बसवलेलं नव्हतं. भोंगा उसाकडं तोंड करून ठेवला आणि हाक मारली, "तात्या...!"

माझा आवाज फाटून, चिरकून बाहेर आला. मलाच कळेना मी काय म्हणाले. दोनदा-तीनदा हाक मारली आणि मग माईक असा काही शिट्टी मारायला लागला की कान बधिर झाले. मी माईकची पिन डब्यातनं उपटली. शिट्टी थांबली. माईक बाजूला ठेवला.

आता डब्यात आवाज आत नेणारं काहीही जोडलेलं नव्हतं. झाकण लावलेलं होतं. लाईट सगळ्या शिवारात नव्हती. भोंगा गप्प होता. मी तो बंद करायला हात पुढं केला...

आणि भोंग्यातनं तात्या बोलले.

"बाय..."

स्वच्छ. कुठं खरखर नाही, चिरकणं नाही. ज्या पेटीतून माझी हाक फाटून बाहेर पडली होती, त्याच पेटीतून तात्यांचा आवाज जसाच्या तसा, ते ओट्यावर शेजारी बसल्यासारखा.

"बाय... मोटर बंद कर गं... बाय, मोटर बंद कर..."

माझा हात तसाच हवेत राहिला. काकू एकदम उठून उभ्या राहिल्या. शंकरआबांनी काठी घट्ट धरली. मला आठवतं, मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, की जिवंत आहेत.

तेवढ्यात विहिरीकडनं माणसं पळत येताना दिसली. दादा पुढं. तो लांबूनच ओरडत होता, "सापडले का? कुठं होते?" त्या सगळ्यांनी भोंग्याचा आवाज ऐकला होता. त्यांना वाटलं, तात्या घरी आले आणि माईकवरनं बोलतायत! ओट्यावर येऊन त्यांनी इकडंतिकडं बघितलं. तात्या कुठंच नव्हते. माईक सुटा पडलेला. आणि भोंगा बोलतच होता, थांबून थांबून, दम घेतल्यासारखा — "मोटर बंद कर गं..."

"बंदच हाय की मोटर," एक जण हळूच म्हणाला. "लाईट कुठाय?"

दादानं माझा खांदा हलवला. "सुनंदा, हे काय आहे? कुठनं येतंय हे?"

त्यानं 'कुठनं' म्हटलं आणि माझं डोकं चालायला लागलं. ट्रान्झिस्टर रेडिओ हातात धरून फिरवला तर एका बाजूला आवाज मोठा येतो आणि एका बाजूला बारीक होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पेडलचा डबा दोन्ही हातांत उचलला आणि हळूहळू फिरवला. खरं सांगते, असं काही होण्याचं कारण नव्हतं. रेडिओत त्यासाठी कॉइल असते, माझ्या डब्यात तसलं काहीही नव्हतं. पण डबा विहिरीच्या दिशेला वळवला की तात्यांचा आवाज बारीक होत होत जवळजवळ नाहीसा व्हायचा. डाव्या हाताला, जांभळाच्या दिशेला वळवला की भरून यायचा.

शंकरआबांनी काठी उचलून तिकडं दाखवली. "जांभळाच्या अंगाला हाय त्यो. आरं बघत काय बसला? शिरा उसात!"

माणसं धावली. मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्यामागं पळाले. जांभळापासून ओळीनं सगळे उसात शिरले. उसाची पानं तोंडाला कापत होती, पायाखालची ढेकळं ओली होती. दादाच पहिल्यांदा ओरडला.

तात्या सरीत कुशीवर पडले होते. एक गाल चिखलात. डोळे उघडे. खोरं बाजूला. पाणी इथवर नीट पोचतंय का ते बघायला ते आतून चालत टोकापर्यंत आले असणार. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "तात्या, मी आलेय. तात्या, बोला ना..." त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्यांनी मला ओळखलं. ओठ नुसते थरथरले. घशातून एक बारीक 'अं' आला, तोही मला कान लावल्यावर कळला.

दादानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मग बोललं कोण?

पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. चौघांनी बाज आणली. तात्यांना बाजेवर घेऊन आम्ही उसातून बाहेर आलो, बांधावर पाय ठेवला, आणि विहिरीकडनं घरघर सुरू झाली. लाईट आली होती. मोटरला ऑटो स्विच होता. लाईट आली की आपोआप चालू व्हायची. सकाळी तात्यांनी ज्या सऱ्यांना पाणी सोडलं होतं, त्याच सऱ्यांतून ते पुन्हा सळसळत आलं. आम्ही बांधावर उभे होतो आणि आमच्या डोळ्यांदेखत ते तात्या पडले होते त्या सरीत शिरलं, टोकाच्या बांधाला अडलं आणि भरत गेलं. त्यांचा गाल जिथं चिखलात रुतला होता तो खळगा बुडाला.

काकू तिथंच मटकन खाली बसल्या. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मोटर बंद कर म्हणत हुते," त्या म्हणाल्या. "ह्यासाठी म्हणत हुते..."

पुढची धावपळ लांबवत नाही. ओळखीच्या एकाची जीप मिळाली. इंदापूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावून बारामतीला न्यायला सांगितलं. काकू सबंध वाटेवर तात्यांचा डावा हात धरून होत्या, आणि तात्यांनीही त्यांचा हात धरलेला होता, तो बारामती येईपर्यंत सोडला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, जीव वाचेल. मग त्यांनी विचारलं, "सापडले कसे?"

दादा म्हणाला, "आवाज दिला त्यांनी. त्यावरनं सापडले."

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही हो. हा झटका वाचेवरच आलाय. पडल्या क्षणापासून त्यांना बोलता आलं नसणार. तुम्ही दुसरा कुणाचा तरी आवाज ऐकला असेल."

भोंग्याचं त्यांना आम्ही काय सांगणार होतो?

तात्या-काकू पुढं कितीतरी महिने जळोचीला आमच्याकडंच राहिले. आईनं शिवणयंत्र आतल्या खोलीत हलवलं आणि तात्यांची बाज दारात टाकली, म्हणजे त्यांना रस्ता दिसावा. मी कॉलेजातनं आले की त्यांच्या हाताचे व्यायाम घ्यायची. मग आम्ही दोघं बाराखडी म्हणायचो. क... का... त्यांना हसू यायचं, मलाही यायचं. पहिला शब्द आला तो 'चा'. काकूंनी त्या दिवशी सगळ्या आळीला चहा पाजला.

थोडं बोलता यायला लागल्यावर मी त्यांना विचारलं. भोंग्याचं काही सांगितलं नाही, कुणालाही सांगू दिलं नव्हतं. एवढंच विचारलं, "तात्या, त्या दिवशी पडल्यावर तुमच्या मनात काय होतं?"

त्यांना वेळ लागला. शब्द एकेक ओढून काढावा लागायचा.

"पानी," ते म्हणाले. "लाईट... आली की... पानी येनार. तुला... सांगत हुतो. मनात. बाय... मोटर... बंद कर."

"मलाच का, तात्या? दादा होता, काकू होत्या..."

त्यांनी डाव्या हातानं माझ्या हाताला धरलं. "तुला... लायटीचं... कळतं न्हवं."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून मनसोक्त रडले.

आता शास्त्राचं बोलते. त्या वेळी भोंगा ऐकणारे आम्ही ओट्यावरचे आणि विहिरीवरून आलेले, सगळे मिळून बरेच जण होतो. सगळ्यांनी तेच शब्द ऐकले, म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. माईकनं लांबचा बारीक आवाज पकडला म्हणावं, तर माईक सुटा होता, आणि तात्यांना आवाजच नव्हता. रेडिओवर एखादी शेतकऱ्यांची श्रुतिका चालू असेल आणि त्यात कुणी बायकोला किंवा लेकीला मोटर बंद करायला सांगत असेल... हे मी स्वतः कितीतरी दिवस धरून बसले होते. पण मग आवाज तात्यांचा कसा? डबा फिरवल्यावर दिशा कशी? आणि ते पेडल कुठलाही आवाज फाडल्याशिवाय सोडतच नव्हतं. तेच तर त्याचं काम होतं! तात्यांचा आवाज तेवढा न फाटता कसा आला?

पुढच्या सुट्टीत मी बावड्याला जाऊन सगळं तसंच्या तसं जोडलं. तीच बॅटरी, तोच भोंगा, तोच ओटा. झाकण लावून बघितलं, काढून बघितलं. झाकण काढल्यावर आकाशवाणी आली, लावल्यावर गेली. बोर्डावरचा एकेक डाग भिंगातून तपासला. काहीही वेगळं नव्हतं. मग मी बटण बसवून पेडल दादाला देऊन टाकलं. त्यानं ते ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलं, कितीतरी वराती त्यावर नाचल्या. पुन्हा ते कधी बोललं नाही.

माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना मी हे एकदा सांगितलं होतं. ते बराच वेळ कागदावर काहीबाही काढत बसले, मग पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, सोडून द्या. माणूस वाचला ना?"

वाचला. आणि नुसता वाचला नाही. तात्या त्यानंतर बरीच वर्षं जगले. काठी घेऊन बावड्याच्या बांधावरनं फिरले. मी नोकरीला लागले तेव्हा पेढ्यांचा पुडा डाव्या हातात घेऊन घरोघर गेले. माझ्या लग्नात उभे राहिले. माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तिला मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांची जीभ शेवटपर्यंत जड राहिली, शब्द ओढत, अडखळत यायचे. लेकीला वाटायचं, आजोबा असेच बोलतात. तिला ते सगळं बरोबर समजायचं.

म्हणजे तात्यांचा तो खणखणीत, एकेक अक्षर सुटं असलेला आवाज आम्ही कुणीच पुन्हा ऐकला नाही. तो शेवटचा ऐकला तो त्या दुपारी, ओट्यावर, त्या भोंग्यातून. त्यांचा गळा कायमचा गेल्यानंतर. तो कुठून आला, मला आजही माहीत नाही. ज्यानं कुणी पाठवला असेल, त्याला माझा नमस्कार.